पंधरा ठिकाणी अडकलेलं सापडतं, मग सुरुवात कुठून करायची?

ओंजळ

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली दोन वर्षं ऑस्टिओपॅथीचे हाताने करायचे उपचार शिकते आहे. तंत्रं बऱ्यापैकी हाताला बसली आहेत. मसल एनर्जी (पेशंटच्याच स्नायूंचा हलका जोर वापरून सांधा सोडवणं), काउंटरस्ट्रेन (दुखरा बिंदू शांत होईल अशा स्थितीत शरीर धरून ठेवणं), फॅशियावरचं (स्नायूंभोवतीच्या पातळ आवरणावरचं) काम, बरगड्या सोडवणं हे सगळं जमतं. माझी अडचण त्याच्या आधीची आहे. तपासायला घेतलं की प्रत्येक पेशंटमध्ये दहा-पंधरा गोष्टी सापडतात आणि त्यातली पहिली कुठली घ्यायची हेच कळत नाही.

सध्याचीच एक केस सांगते. चाळिशीतल्या बाई आहेत. उजव्या फऱ्याच्या (खांद्याच्या पात्याच्या) आतल्या कडेला चार महिन्यांपासून जळजळ आणि कळ. उजवीकडे मान वळवली की वाढते. उजवा हात वर नेला की शेवटच्या टप्प्यात ओढ बसते. तपासल्यावर सापडलं ते असं: उजवीकडे दुसरा मानेचा मणका दुखरा, छातीचा चौथा मणका अडकलेला, उजवी चौथी बरगडी श्वास सोडताना खाली येत नाही, गळ्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना घट्टपणा, डायफ्रॅमची (छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची) डावी बाजू कमी हलते, कमरेचा पाचवा मणका फिरलेला, आणि उजवं कटिहाड (ओटीपोटाच्या बाजूचं मोठं हाड) पुढे झुकलेलं.

बाईंनी मानेवर बोट ठेवलं म्हणून मी मानेपासून सुरुवात केली. मान लगेच सुटली, त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. पुढच्या वेळी बरगडी केली. पुन्हा दोन दिवस. आता तिसरी भेट जवळ आली आहे आणि त्यांना सारखं नुसतं 'बघू' म्हणायची मला लाज वाटते. तुम्ही पहिला हात कुठे ठेवता आणि का? जरा सविस्तर सांगाल का?

जुना टेबल

ताई, प्रश्न अगदी योग्य जागी आला आहे. तंत्रं शिकवणारे पुष्कळ भेटतात, क्रम शिकवणारे कमी.

आधी एक गोष्ट, कारण तुमच्या यादीत ती दिसली नाही. उजव्या फऱ्याच्या आत दुखतं म्हटल्यावर पित्ताशयाबद्दल विचारलंत का? जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर वाढतं का? मळमळ? पित्ताशयाची कळ त्याच भागात जाणवते. फुप्फुस आणि हृदयाचे प्रश्नही विचारून घ्या. मान हाताळणार असाल तर अचानक उठलेली, आजवर कधीच नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, तोल जाणं हे विचारल्याशिवाय हात लावू नका. कंबरेच्या पेशंटला लघवी अडकते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, हे शब्द न चोरता विचारा. कारण नसताना घटलेलं वजन, ताप, पूर्वीचा कॅन्सर, बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइडं, नुकतंच पडणं आणि कुस बदलूनही न थांबणारी रात्रीची कळ हेही विचारायचं. खरी सुरुवात इथून होते. यातलं काही निघालं तर पुढचा मार्ग डॉक्टरांकडे जातो, आपल्या टेबलाकडे जात नाही.

आता तुमचा प्रश्न. मी ज्या पद्धतीने शिकलो तिला 'सर्वांत जास्त अडवणुकीची जागा' शोधणं म्हणतात. अमेरिकेतल्या एडवर्ड स्टाइल्स यांनी ही मांडणी पुष्कळ शिकवली. तत्त्व सोपं आहे. सुरुवातीला मणक्यामणक्याने जाऊच नका. उभं करून, बसवून, निजवून सगळ्या शरीरावरून एक झपाट्याचा फेरा मारा: डोकं, मान, छातीचा वरचा भाग, बरगड्या, कंबर, कटिभाग (कंबरेखालचा हाडांचा घेर), हात, पाय. प्रत्येक भागाला हलका धक्का देऊन बघा, लवतो की नाही. दोन-तीन मिनिटांत हे व्हायला हवं. कुठला भाग सगळ्यांत कमी लवतो ते ठरलं की मगच त्या भागात शिरून नेमका मणका किंवा बरगडी शोधा.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. सगळ्यांत दुखरी जागा आणि सगळ्यांत ताठर जागा एकच धरतात. ताठर जागा बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. दुखते ती शेजारची, जिला तिच्या वाटणीची हालचाल करावी लागते. मान दुखते, कारण खालची छाती वळत नाही आणि मान दोघींचं काम करते. असं असेल तर मान सोडवून दोन दिवसच बरं वाटणार.

ओंजळ

दादा, मनापासून आभार. पित्ताशयाचं मी विचारलं नव्हतं. फोन करून विचारलं. तसं काही नाही, आणि सहा महिन्यांपूर्वीची सोनोग्राफीही स्वच्छ आहे.

पण एक कळत नाही. मान मुळातच खूप फिरते, कटिभाग मुळातच कमी हलतो. मग कुठला जास्त ताठर हे ठरवायचं कसं? तुलना कशाशी?

जुना टेबल

मानेची तुलना कटिभागाशी करायचीच नाही. प्रत्येक भागाची तुलना त्याच्या स्वतःच्या अपेक्षित हालचालीशी करायची. हाताला लागतो तो शेवट. निरोगी सांध्याच्या शेवटाला थोडी स्प्रिंग असते. दाबलं की परत ढकलतो. अडकलेल्या जागी हात लाकडावर आदळल्यासारखा थांबतो आणि अपेक्षेच्या आधीच थांबतो. जिथे हा थांबा सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत कडक, ती जागा.

दोन जागा सारख्याच वाटल्या तर एकीला आधार देऊन दुसरी तपासा. तुमच्या केसमध्ये बाईंना बसवा. आधी नुसती मान उजवीकडे वळवून बघा, किती जाते ते लक्षात ठेवा. मग चौथ्या बरगडीला तळव्याचा हलका आधार द्या, पुन्हा वळवायला सांगा. मग आधार छातीच्या चौथ्या मणक्याला. मग कटिहाडाला. ज्या आधाराने मान जास्त वळते ती जागा मानेला धरून ठेवते आहे असं समजून पुढे जा. फ्रान्समधल्या पॉल शॉफूर यांच्या मेकॅनिकल लिंक पद्धतीतही अशीच एक कसोटी आहे: दोन अडलेल्या जागांना एकाच वेळी हलका स्पर्श करायचा, एक सुटते आणि एक टिकते, टिकणारी वरचढ.

श्वासपटल

मी थोडं वेगळ्या दाराने आत शिरते, म्हणून लिहिते.

अमेरिकन ऑस्टिओपॅथ जे. गॉर्डन झिंक यांनी शरीराचा एक भाग संपून दुसरा सुरू होतो असे चार सांधे निवडले: कवटी आणि मान, मान आणि छाती, छाती आणि कंबर, कंबर आणि सॅक्रम (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड). प्रत्येक ठिकाणी हातांनी फॅशिया डावीकडे आणि उजवीकडे फिरवून बघायची. एका बाजूला ती सहज जाते, दुसरीकडे अडते. त्यांना बऱ्याच निरोगी माणसांत हे आळीपाळीने सापडलं: वरून खाली डावी, उजवी, डावी, उजवी. आपल्याला निरोगी समजणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांत हा नमुना दिसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. उरलेल्यांपैकी काहींत बरोबर उलटा आळीपाळीचा नमुना होता. आळीपाळी असेल तर शरीराने जुळवून घेतलंय असं धरायचं. दोन लागोपाठचे सांधे एकाच बाजूला जात असतील तर जुळवणूक मोडली आहे. बहुतेक वेळा मागे अपघात, पडणं किंवा आजार असतो. जिथे आळीपाळी मोडते तो सांधा म्हणजे माझी सुरुवात.

गळ्याच्या पायथ्याशी घट्टपणा आहे असं तुम्ही लिहिलंत. लसिका (ऊतींमधून गोळा होऊन रक्तात परतणारा द्रव) शेवटी तिथूनच, कॉलरबोनमागच्या शिरांत उतरते. सूज किंवा छातीतला कफ असेल तेव्हा आमच्याकडे पक्का क्रम आहे: आधी हे वरचं तोंड मोकळं, मग डायफ्रॅम, मग पंपाची तंत्रं (लयीत दाबून लसिका पुढे ढकलणं). दार बंद असताना आतून ढकलून काय उपयोग? तुमच्या बाईंना सूज नाही, तरी ही जागा मान आणि छातीच्या मधोमध आहे. तिथे एक हात पुढे आणि एक मागे ठेवून दोन मिनिटं थांबून बघा.

नव्वद सेकंद

माझं काम मुख्यतः काउंटरस्ट्रेनचं. तिथे सुरुवातीचे नियम अगदी ठरलेले आहेत, म्हणून नवशिक्याला सोपे जातात. सगळ्यांत दुखरा बिंदू आधी. बिंदूंची रांग लागली असेल तर मधला आधी. हातापायांत आणि धडात दोन्हीकडे असतील तर धडाजवळचा आधी. बिंदूवर बोट ठेवायचं, त्याचं दुखणं दहा धरायचं, आणि तो तीन किंवा त्याहून खाली येईल अशी शरीराची स्थिती शोधायची. मग 90 सेकंद. परत आणायचं ते अगदी सावकाश.

काउंटरस्ट्रेनचे जनक, अमेरिकन ऑस्टिओपॅथ लॉरेन्स जोन्स यांना हे 1955 मध्ये गवसलं. कंबर धरलेला एक पेशंट होता, कुठल्याच कुशीवर झोप लागत नव्हती. जोन्स यांनी जवळजवळ वीस मिनिटं उशा लावून त्याला आराम पडेल अशी स्थिती शोधली, त्याला तसाच ठेवून दुसऱ्याकडे गेले. परत आले तर माणूस ताठ उभा राहू शकला. मला यातला शोधणारा हात महत्त्वाचा वाटतो. तेव्हा त्यांच्याकडे कसलाही क्रम नव्हता.

आणखी एक. मागे दुखत असेल तरी पुढचे बिंदू चाचपा. बाईंच्या छातीच्या हाडावर, बरगड्यांच्या पुढच्या टोकांच्या कुर्च्यांवर (मऊ हाडांवर) बोट फिरवलंत का? मागे फऱ्याजवळ जळजळ आणि कारण पुढच्या बाजूला, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

लयबद्ध

सुरुवात शोधायचीच कशाला, असाही एक मार्ग आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ऑस्टिओपॅथ जॉन मार्टिन लिटलजॉन यांच्या परंपरेत शरीराचा ठरलेला फेरा असतो. पाय, कटिभाग, कंबर, बरगड्या, खांदे, मान, सगळं लांब तरफ घेऊन (हात-पाय धरून तरफेसारखे वापरून) लयीत, गोल गोल फिरवत. तपासणी आणि उपचार त्याच हालचालीत होतात. जिथे लय अडखळते तिथे दोन फेरे जास्त. माझ्याकडे थकलेली, बऱ्याच ठिकाणी दुखणारी माणसं येतात. त्यांच्यासाठी मला हाच मार्ग जवळचा वाटतो. एका मणक्यावर बोट ठेवून 'हेच कारण' म्हणायचं धाडस त्यांच्या बाबतीत मला होत नाही.

मोजमाप

सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं जरा टोचेल, पण प्रामाणिकपणे मांडतो.

हाताने हालचाल तपासून दोन तपासनीस एकाच मणक्यावर बोट ठेवतात का, हे पुष्कळदा तपासलं गेलं आहे. एकमत बहुतेक वेळा कमी निघतं. उभं राहून पुढे वाकवण्याची कटिभागाची टेस्ट त्यात फारच कमी पडते. दुखरेपणा शोधण्यात मात्र बऱ्यापैकी एकमत होतं. त्यामुळे 'मूळ अडवणूक' सापडली असं म्हणताना आपल्या हाताला सापडली एवढंच खरं.

निकालांचंही तसंच. 2013 मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत जुन्या कंबरदुखीचे 455 जण होते. ऑस्टिओपॅथीचा उपचार मिळालेल्यांना खोट्या उपचारापेक्षा बरा फरक पडला. 2021 मध्ये फ्रान्समधल्या 400 जणांच्या चाचणीत फरक निघाला, पण इतका लहान की रोजच्या जगण्यात तो जाणवेल का, अशी शंका तिथल्या लेखकांनीच व्यक्त केली. दोन्ही वाचून मी हे काम सोडलं नाही. पण माझा खात्रीचा स्वर मात्र गेला.

ओंजळ, तुम्हाला माझा एकच आग्रह. सुरुवात कुठूनही करा, पण उपचाराआधी एक मोजता येईल अशी टेस्ट ठरवा. मान वळवून हनुवटी कुठवर जाते, हात कुठे अडतो. एक जागा करा, लगेच तीच टेस्ट घ्या. बदल नाही तर तुमचा अंदाज चुकला, पुढची जागा. चार जागा एकदम केल्या तर काय लागू पडलं हे कधीच कळणार नाही.

पाठ टेकवून

मी यातला माणूस नाही, पेशंट आहे. हा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं.

माझा डावा खांदा दुखायचा. पहिल्या ठिकाणी गेलो तेव्हा त्यांनी मला पालथं निजवून थेट कंबरेवर काम सुरू केलं. चाळीस मिनिटं खांद्याला कोणी हातही लावला नाही. कदाचित त्यांचं बरोबरच असेल. पण मला वाटलं, यांनी माझं ऐकलंच नाही. परत गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी आधी दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, मिनिटभर तसाच ठेवला. म्हणाल्या, 'इथे दुखतंय ते मला कळलंय. आता याला ओढतंय कोण ते बघू.' मग त्या बरगड्यांकडे गेल्या. काम कदाचित दोघांचं सारखंच असेल. माझा श्वास मात्र दुसरीकडे सुटला. हे तुमच्या क्रमात कुठे बसतं मला माहीत नाही.

जुना टेबल

पाठ टेकवून, तुमचं वाचून खूप वेळ गप्प बसलो. तुमच्या त्या पहिल्या माणसासारखं मीही केलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक जण सकाळी उसण भरून आले. वाकलेले, एका बाजूला कललेले. मला कटिभागाचा क्रम नुकताच शिकवला होता: आधी समोरचा प्यूबिक सांधा, मग कटिहाड, मग कंबरेचा शेवटचा मणका, मग सॅक्रम. तो क्रम मी इमानदारीने पाळत बसलो. त्यांना सारखं उताणं, पालथं, कुशीवर करत. चाळीस मिनिटांनी ते टेबलावरून उठू शकले नाहीत. घरच्यांना बोलवावं लागलं. नुकत्याच भडकलेल्या दुखण्यात त्वचा गरम, ओलसर, खालचं मांस फुगलेलं लागतं. तिथे कमीत कमी करायचं, लांबच्या आणि शांत जागेपासून सुरू करायचं आणि लवकर थांबायचं. जुन्या दुखण्यात तीच जागा गार, कोरडी, दोरखंडासारखी लागते. तिथे वेळ घेता येतो. त्या दिवशी माझ्या हाताला ऊब लागली होती. मी क्रमाचं ऐकलं, हाताचं ऐकलं नाही. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

मोजमाप, तुमच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. जुने शिक्षक सांगत, शोधा, दुरुस्त करा आणि हात काढा. त्यात 'परत तपासा' असं एक घालायला हवं.

बरगडीवाला

फक्त तांत्रिक. ओंजळ, चौथी बरगडी आणि छातीचा चौथा मणका एकाच पातळीवर आहेत. मणका अडकलेला असेल तर आधी मणका, मग बरगडी. उलट केलंत तर बरगडी परत वर चढते. बरगडी श्वास सोडताना खाली येत नाही म्हणता, म्हणजे ती श्वास घेतलेल्या स्थितीत अडकली आहे. अशा एकत्र अडकलेल्या बरगड्यांच्या गटात सगळ्यांत खालची बरगडी मुख्य असते. पाचवी आणि सहावी नीट तपासून मगच चौथीला दोष द्या. श्वास सोडलेल्या स्थितीत अडकल्या असत्या तर सगळ्यांत वरची पाहिली असती.

ओंजळ

तीन आठवडे झाले. सगळ्यांना सांगायचं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बाई आल्या तेव्हा आधी फऱ्याच्या आतल्या कडेवर तळवा ठेवला आणि काही न करता तसाच ठेवला. त्या स्वतःहून बोलल्या, की चार महिन्यांपूर्वी आईच्या आजारपणात महिनाभर त्या आईला पलंगावरून उचलून बसवत होत्या, नेहमी उजवीकडून. हे दोन्ही भेटींत मी विचारलंच नव्हतं.

मग टेस्ट ठरवली. बसून मान उजवीकडे, हनुवटी कॉलरबोनच्या मध्याला पोचायच्या आधीच थांबत होती. झिंकचे चार सांधेही पाहिले: मान आणि छातीचा, तसाच छाती आणि कंबरेचा, दोन्ही उजवीकडेच जात होते. आळीपाळी मोडलेली. छातीच्या वरच्या भागावर दाबलं तेव्हा दादांनी लिहिलेलं लाकूड हाताला लागलं. बरगडीला आधार दिला, मान तेवढीच. कटिहाडाला आधार दिला, तेवढीच. छातीच्या चौथ्या मणक्याला अंगठ्याने आधार दिला आणि हनुवटी दोन बोटं पुढे गेली. बाईंनीच 'अरे' म्हटलं.

मणका नीट तपासला. मागे वाकवलं की उजवा आडवा प्रवर्ध (मणक्याचं बाजूला आलेलं टोक) अंगठ्याखाली उठून यायचा, पुढे वाकवलं की दोन्ही सारखे व्हायचे. म्हणजे पुढे वाकलेल्या स्थितीत अडकलेला, उजवीकडे फिरलेला. मसल एनर्जी केली, दरवेळी पाच सेकंद हलका जोर, तीनदा. दुसऱ्या वेळी अंगठ्याखालचं मांस विरघळल्यासारखं खाली गेलं. टेस्ट घेतली, मान जवळजवळ पूर्ण. मी तिथेच थांबणार होते, पण हात वर नेताना अजून ओढ होती. मग बरगड्या. मुख्य सहावी निघाली, चौथी नव्हे. ती सोडवली आणि हात वर गेला. डायफ्रॅमला हात लावला नाही, तो आपोआप दोन्हीकडे सारखा हलायला लागला होता.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा जळजळ बरीच कमी होती, गेलेली नव्हती. तासभर बसून काम केलं की येते. चौथा मणका थोडा परत आला होता, बरगड्या टिकल्या होत्या. पुढचे बिंदूही चाचपले. छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला एक इतका दुखरा निघाला की त्या दचकल्या. त्याला 90 सेकंद दिले. काल पाचवी भेट झाली. मान पूर्ण वळते. आईला उचलायला आता दोन माणसं असतात, हे त्यांनी सांगितलं. माझ्या कामातून किती आणि यातून किती, मला वेगळं करता येत नाही.

कटिहाड अजूनही पुढे झुकलेलं आहे. पाचही भेटींत मी त्यावर काही काम केलं नाही. त्यांची कंबर दुखत नाही, चाल ठीक आहे.

श्वासपटल

आता ते चार सांधे पुन्हा तपासलेत का? छाती आणि कंबरेचा तेवढा सांगा.

ओंजळ

कालच तपासला. डावीकडे जातो आता.